थंड पाणी

डॉक्टरांनी मुलीचा पायजमा नडगीवरून वर सरकवला आणि त्या वाकून पाहू लागल्या. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बारीक लाल ठिपके होते. दंडांवर काळेनिळे डाग.

"हे कधीपासून?"

"खेळताना लागलं असेल," आई म्हणाली.

"मी खेळतच नाही. जिना चढले तरी धाप लागते मला," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "प्लेटलेट्स जवळजवळ संपल्यात. शरीराची राखण करणारी फौजच उलटलीय, ती प्लेटलेट्सना शत्रू समजून मारतेय. त्या नसल्या की रक्त थांबत नाही. औषधं आहेत, लगेच सुरू करू. पण आज ही शाळेत कोसळली नसती तर..." त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. "पाळीत किती जातं हिचं?"

"जातं जरा जास्त. या वयात होतंच की. आमच्या डॉक्टरांनी मानही वर न करता हेच सांगितलं. लोहाच्या गोळ्या दिल्या."

"जरा?" मुलगी ताडकन उठायला गेली. हातातली सलाइनची सुई ओढली गेली, तरी ती थांबली नाही. "गादीपर्यंत जायचं, आई! तू गादी उलटी करून घातलीस!"

"हळू बोल गं," दाराशी उभी असलेली आत्या पुटपुटली. "बाहेर पुरुषमाणसं आहेत."

"त्यांनाही आया असतातच," डॉक्टर फटकन म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. "तुमच्या डॉक्टरांना हे का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? सगळं स्वच्छच तर होतं."

स्वच्छ होतंच. आईची लॉन्ड्री होती. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो, थंड पाण्यात तो मुकाट सुटतो, हे तिच्या बोटांना पाठ होतं. डागाचा कपडा कुणाच्या नजरेला पडता कामा नये, ही तिच्या धंद्याची शिस्त. गिऱ्हाईक यायच्या आत मुलीच्या चादरी धुऊन, वाळवून, कडक इस्त्री होऊन पलंगावर परत आलेल्या असत. बापाला पत्ता नाही, शेजारणीला पत्ता नाही. पुढे पुढे किती जातंय हे तिचं तिलाही दिसेनासं झालं. मुलगी पांढरीफटक पडत गेली आणि चादरीही तशाच. या कामगिरीबद्दल खरं तर तिचा सत्कार करायला हवा होता.

"मी सांगत होते तुला," मुलगी म्हणाली.  "दर वेळी सांगत होते. तू म्हणायचीस, बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं."

 आईची नजर मुलीच्या चेहऱ्यावर नव्हती, तिच्या हाताखालच्या चादरीवर होती. सुई ओढली गेली होती तिथून रक्त ठिबकत होतं. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर लाल डाग हळूहळू पसरत होता. डॉक्टर कापूस घ्यायला वळल्या. तेवढ्यात आईनं पिशवीतली बाटली काढून रुमाल थंड पाण्यानं भिजवला आणि ती वाकली. जखमेवर नाही, चादरीवर.

मुलीनं तिचं मनगट धरलं. अंगात जोर नव्हता, तरी घट्ट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "या वेळी दिसू दे."