निजलेली बंडी

"आना घेता तो घेता, वरून हाडं बी खिळखिळी करता," दूधवाला श्रावण सायकलवरून न उतरताच म्हणाला. "दोन मैल गिट्टीवरून येता येता दुधाचं लोनी झालं, सायेब."

"मग लोणी वीक. भाव जास्त आहे." भगवंतराव नाकेदारांनी पावती फाडून त्याच्या हातावर ठेवली.

पूर्णेवरच्या पुलाचा हा नाका. अकोल्याला रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांची बोलणी खायला सरकारनं भगवंतरावांना तिथं बसवलं होतं. पूल झाला, पण पलीकडे गावांकडे जाणारा रस्ता काही सुरू होत नव्हता. दोन मैल डांबर पडून तयार होतं. पण मंत्री येऊन फीत कापेपर्यंत त्यावर पिंपं आडवी लावलेली. तोवर एसटी, सायकली, बैलबंड्या, सगळं शेजारच्या गिट्टीच्या वाटेनं. दात वाजत वाजत लोक नाक्यावर येत आणि तिथं पुन्हा पैसे मोजत.

चैतातल्या एका दुपारी डोमाजीची बंडी अकोल्याहून परत आली आणि आडव्या बांबूपाशी आपली आपण थांबली. डोमाजी तोंडावर शेला टाकून उताणा निजला होता. त्यात नवल नव्हतं. सकाळी बाजारात डांगरं विकायची आणि परतताना झोपून जायचं. बैल घरी नेतात. पण पावतीसाठी माणूस जागा करावा लागतो. भगवंतरावांनी त्याला हलवलं.

डोमाजी उठून बसला. परक्या गावी आल्यासारखा पुलाकडे पाहत राहिला.

"आता बोलनार होती जी ती."

"कोण?"

"मनकर्णा. माही घरवाली. तीन वर्सं झाले तिले जाऊन. आज पयल्यांदा सपनात आली, अन् तुमी उठवलं."

त्यानं दोन आणे दिले आणि तो गेला. भगवंतरावांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्यांची बायको रुख्मिणी अमरावतीला वारली तेव्हा ते इथं ड्युटीवर होते. शेजारीण सांगत होती, संध्याकाळपर्यंत बाईंचे ओठ हलत होते, काही सांगायचं होतं, पण कोणाला कळलं नाही. दोन वर्षं झाली. ती त्यांच्या स्वप्नात एकदाही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बंडी आली तेव्हा भगवंतरावांनी दोन आणे आपल्या खिशातून पेटीत टाकले आणि बांबू हळूच वर केला. बैलांना हाकसुद्धा घातली नाही.

पुढच्या सकाळी डोमाजी डांगरं घेऊन बाजाराला निघाला, तेव्हा ते वाट पाहतच उभे होते.

"दिसली?"

"दिसली जी. वावराच्या धुऱ्या-धुऱ्यानं आली. लुगड्याचा काठ वला होता. पायाखालची धूळ उडत नोयती. मंग गिट्टी लागली."

पुढच्या दिवशी ती बंडीसोबत चालू लागली होती. "चाकावर हात ठेवला तिनं. चाक फिरे, पन हात तिथंच." त्याच्या पुढच्या दिवशी तिनं बोलायला तोंड उघडलं.

"मग?"

"मंग गिट्टी."

त्या दुपारी भगवंतरावांनी पिंपं बाजूला लोटली आणि बैलांना नव्या रस्त्यावर वळवलं. उन्हात डांबर पाण्यासारखं चमकत होतं. त्यावरून बंडी आवाज न करता गेली, टोकाशी जराशी तरंगली आणि दिसेनाशी झाली. भगवंतराव किती तरी वेळ तिकडे पाहत राहिले. एसटीच्या ड्रायव्हरनं तीनदा भोंगा वाजवला तेव्हा कुठं ते भानावर आले.

"जवळ येऊन बसली," डोमाजीनं सकाळी सांगितलं. "आयकता का जी, म्हने. तेवढ्यात घर आलं."

भगवंतरावांना रस्ता लहान वाटू लागला.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी श्रावणानं आपली सायकल नाक्यावर आडवी घातली.

"आमी जागे म्हनून गिट्टीवरून, अन् निजलेल्याले डांबर? हा कुठचा कायदा होय, सायेब?"

भगवंतरावांनी पावती फाडून पुढं केली. श्रावणानं तेच वरच्या साहेबाला विचारलं. ओव्हरसियर आला तेव्हा मऊ डांबरात बंडीच्या लोखंडी धावांच्या दोन चऱ्या दूरवर गेलेल्या होत्या, अगदी सरळ.

"कोणाची बंडी?"

"पिंपं मी हलवली, साहेब."

"मी बंडी विचारली."

"ती झोपेत होती," भगवंतराव म्हणाले.

चौदा वर्षांची नोकरी. पगारवाढ बंद झाली आणि बदली थेट मेळघाटात. आठवडाभरात निघायचं होतं. नोकरीचं त्यांना फारसं वाटलं नाही. मेळघाटात एवढ्या लांब कोण येऊन सांगणार, एवढंच मनात राहून राहून येत होतं. आणि नेमका डोमाजी तीन दिवस फिरकला नव्हता.

शेवटच्या दुपारी त्याचे बैल नाक्याशी येऊन थांबले. भगवंतराव लगबगीनं पुढं झाले. बंडीवर एक बाई कासरा धरून ताठ बसली होती.

"डोमाजी कुठं आहे?"

"ताप हाये त्यायले. तीन दिस झाले."

"तू कोण त्याची?"

"घरवाली."

"दुसरी?"

"एकच हाव जी मी. मनकर्णा."

भगवंतरावांच्या हातातला बांबू तसाच राहिला. बाईनं पदराची गाठ सोडून दोन आणे त्यांच्या तळहातावर ठेवले. मग खाली पाहत म्हणाली, "तुमची बदली झाली म्हने. सायेब जाच्या आंदी पुढचं सांगून ये, म्हनाले घरधनी. आजवर भाकरी थापता थापता सपन सुचत गेलं, सायेब. पन ती काय बोलते, ते काही केल्या मले सुचून नाही राहिलं."