जमिनीखालची थाप
तलासरीजवळच्या पाड्यावर भूकंपाच्या धक्क्यात भिंत कोसळून नारू गेला, तेव्हापासून त्याची बायको पुतळी घरात पाऊल टाकत नव्हती. भिंत पुन्हा उभी राहिली, तरी ती अंगणातच रांधायची, अंगणातच झोपायची. "नारू खालून जमिनीवर थापा मारतो," ती सांगायची. पाड्यावरचे तिला वेडी म्हणायचे. डहाणूहून येणारी समुपदेशक भाविनी तसं कधी म्हणाली नाही. ती दर आठवड्याला यायची आणि अंगणात पुतळीच्या शेजारी बसून राहायची. एका दुपारी तिने विचारलं, "मला आत न्याल? भीती मलाही वाटते." पुतळीने तिचा हात धरला. आत जाऊन दोघींनी सारवलेल्या जमिनीला कान लावले. भूकंपाचे धक्के अजून अधूनमधून बसत होते. खोलवर गडगडलं, फळीवरची भांडी खणखणली आणि धक्का थांबला. सगळं शांत झालं. तेवढ्यात भाविनीच्या कानाशी, जमिनीच्या आतून, कुणीतरी तळहात आपटला. मग पुन्हा एकदा. "ऐकलंत?" पुतळीने विचारलं. "ऐकलं," भाविनी म्हणाली. तिला घाम फुटला होता. "मंग मी वेडी नाय. भिऊ नका ताई, मी हाय ना." पुतळीने जमिनीवरून हळूच हात फिरवला. "नीज आता," ती पुटपुटली. थाप थांबली. मग पुतळी रडली, नारू गेल्यापासून पहिल्यांदाच, हमसून हमसून. भाविनीचा हात अजून तिच्या मुठीत होता, आणि भाविनीने तो सोडवून घेतला नाही.