मेलेल्या बॅटऱ्या

सुट्टीत लुंबिनी नांदेडच्या कॉलेजातून किनवटला आली, तर तिच्या रिमोटच्या विमानाच्या बॅटऱ्या चार्जच होईनात. "मेल्यात गं आई, टाकून दे," म्हणून ती परत गेली.

आईनं, पंचफुलानं, त्या टाकल्या नाहीत. छोटा बल्ब लावून एकेक बॅटरी उतरवायची, म्हणजे पार रिकामी करायची, मग सावकाश चार्ज करायची, पुन्हा उतरवायची, असं ती करत राहिली.

पुढच्या सुट्टीत माळावर विमानाचा पंखा गरगरला. लुंबिनीला भरून आलं. "माझ्यासाठी एवढं केलंस?" तिनं रिमोटसाठी हात पुढं केला.

"तुझ्यासाठी न्हाई. बाजूला हो, मला येतंय आता."

विमान पळसांच्या वरून गेलं. माळावरच्या बाया वर बघू लागल्या, तशी लुंबिनी ज्याला त्याला सांगत सुटली, "माझी आई उडवून राहिली."