घरचा फोन

छावणीतून जवान घरी फोन करत, तेव्हा टेलिफोन कक्षाचे साहेब चोरून ऐकायचे आणि नवरा-बायकोचं बोलणं जेवताना सगळ्यांना रंगवून सांगायचे. आचारी तर लाजेने घरी फोनच करेनासा झाला. शेवटी त्याच कक्षातला ऑपरेटर थेट मुख्यालयातल्या तक्रार अधिकारी बाईंकडे गेला.

"तुमचंही बोलणं ऐकलं का त्यांनी?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. मला फोन करायला घरी कुणी नाही."

"मग साहेबांशी वैर कशाला ओढवून घेताय?"

"दुसऱ्याच्या घरातलं असं चव्हाट्यावर आलेलं बघवत नाही, मॅडम."

साहेबांची चौकशी लागली, ते कक्षातून गेले. त्या रविवारी आचारी बायकोशी पोटभर बोलला आणि मग त्याने फोन ऑपरेटरच्या हातात दिला.

"घे, बोल. तुझी वहिनी आहे."