वाया जाणारी ऊब

मिस्त्रीने धुराड्यावर तळवा टेकवला. चटका बसला तसा झटकन मागे घेतला.

"बघ," तो पलंगाकडे वळून म्हणाला, "सगळी ऊब वर चालली आहे. लाकडं फोडायची आपण आणि शेकायचं कुणी, तर या धुराड्याने."

पलंगावर बायको दोन रजया पांघरून बसली होती. तिच्या छातीत पाणी झालं होतं. खोली गरम ठेवा, नाहीतर या थंडीत काही खरं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. मिस्त्रीने जन्मभर लोकांच्या छपरांना पत्रे ठोकले होते. त्याने तेलाच्या जुन्या पिंपाची शेगडी केली, तिचं धुराडं छतातून वर काढलं. पण खोली काही तापेना. घरात बसून बायकोच्या तोंडातून वाफ निघायची.

वरच्या मजल्यावर त्याचा मोठा भाऊ एकटा राहायचा. घराच्या वाटणीत शब्दाने शब्द वाढला, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद. धुराडं न्यायचं तर त्याच्याच खोलीतून न्यावं लागणार होतं. मिस्त्री भांडायच्या तयारीत होता, पण बायकोने जाऊन विचारलं तर भाऊ लगेच हो म्हणाला. मिस्त्रीला ते खटकलं. उपकार करायची हौस, दुसरं काय! वर हा माणूस रोज सकाळी धुराड्यावर चमच्याने ठकठक करायचा. धुराचा त्रास होतो हे ऐकवायची ती रीत, असं मिस्त्रीने ठरवूनच टाकलं होतं. ठकठक ऐकू आली की तो मुद्दाम अर्धा तास उशिरा शेगडी पेटवायचा.

त्याने शेगडीभोवती विटा रचल्या. लाकडं आणखी बारीक फोडली. फरक पडला नाही. एकदा तर तो शेगडीला लाथ घालून तिथेच खाली बसला आणि बायकोला दिसू नये म्हणून तोंड फिरवून रडला.

शेवटी त्याने दुसरं पिंप आणलं. त्यात आडवे पत्रे बसवले आणि ते शेगडी नि धुराड्याच्या मध्ये जोडलं. आता धुराला वळसे घेत घेत जावं लागे. अंगातली सगळी ऊब खोलीत टाकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

त्याच संध्याकाळी बायकोने एक रजई बाजूला केली. पाचव्या दिवशी ती उठून खुर्चीत बसली. मिस्त्रीने धुराड्यावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"काडीचीही ऊब वाया जात नाही आता," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला.

बायको छताकडे बघत होती.

"अहो, भाऊजींची ठकठक ऐकलीत का तुम्ही इतक्यात?"

"नाही. कंटाळला असेल."

"पावलंही वाजली नाहीत दोन दिवस."

मिस्त्री जिना चढून गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत शेगडी नव्हती, चूल नव्हती. पलंग भिंतीपासून ओढत आणून खोलीच्या मधोमध धुराड्याला चिकटवला होता. धुराड्यालाच तारेने पाण्याचा डबा बांधला होता, त्यातल्या पाण्याचा बर्फ झाला होता. वर मोजे वाळत घातले होते. चमचा दोऱ्याने लटकत होता. भाऊ कानटोपी घालून पलंगावर बसला होता, पाठ धुराड्याला टेकवून.

"दादा," अकरा वर्षांनी मिस्त्रीने हाक मारली.

मग त्याने भावाच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि नंतर धुराड्याला. काडीचीही ऊब वाया गेली नव्हती.