चिठ्ठी मोठ्यानं वाचा

“मोठ्यानं वाच, पोरी. लिंबाजीला वाचता येत नाही.”

पंचशीलानं हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली, या वेळी खड्या आवाजात. “दुष्काळी कामांची पाहणी, शिरूर अनंतपाळ, एकोणीसशे बहात्तर.”

ग्रंथपाल पंचाक्षरी सर खिडकीकडं तोंड करूनच म्हणाले, “तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, डावीकडून पाचवी. निळा पुठ्ठा.”

शिपाई लिंबाजी गेला आणि नेमकी तीच फाईल घेऊन आला.

लातूरच्या त्या कॉलेजात संशोधन विभागाची ही रीतच होती. खाली मुख्य ग्रंथालयात लोक चिठ्ठी देऊन गप्प उभे राहत. इथं वर मात्र प्राध्यापकांनाही शाळेतल्या पोरांसारखी चिठ्ठी वाचून दाखवावी लागे. एका शिपायाला वाचता येत नाही म्हणून साऱ्या कॉलेजानं घसा ताणायचा! नव्या माणसाला राग यायचा. पण लिंबाजीला सरांनी तिथून कधी हलू दिलं नाही, आणि सरांवर कुणाचा राग फार टिकत नसे.

इथले कागद घरी न्यायची परवानगी नव्हती. पंचशीला रोज शिरूरहून एस.टी.नं येते हे कळल्यावर सरांनी आपल्या जबाबदारीवर तिला दोन-दोन दिवसांसाठी फायली द्यायला सुरुवात केली. नोंद ती स्वतः लिही. लिंबाजी तारखेचा शिक्का मारी, वहीवर बोट ठेवी आणि म्हणे, “इथं, सर.” सर तिथं झोकात सही करत. अडाणी माणूस शिकलेल्याला सहीची जागा दाखवतो, याचं पंचशीलाला हसू येई.

प्रबंधाचं लिहून झालेलं प्रकरण ती सरांकडं ठेवून जाई. चार दिवसांनी ते परत मिळे तेव्हा समासात पेन्सिलीनं बारीक, ठाशीव अक्षरात लिहिलेलं असे. ‘गाव चुकलं.’ ‘हा आकडा पाहणीत वेगळा आहे.’ तिच्या कामात एवढा जीव घालणारा माणूस तिला दुसरा भेटला नव्हता. सर तिला फार आवडत. आणि लिंबाजीकाकाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता. नव्या कचेऱ्या उघडल्या आणि कॉलेजातले चार कारकून तिकडं नोकरीला लागले. त्यांच्या जागा शिपायांतूनच भरायच्या ठरल्या. परीक्षा साधी होती. एक पत्र वाचायचं, पाच ओळी लिहायच्या. पास होईल त्याला खाली ऑफिसात टेबल-खुर्ची.

“काका, तुम्ही बसायचं,” पंचशीला म्हणाली. “महिना आहे हातात. मी शिकवते.”

“या वयात? न्हाई जमायचं, ताई.”

“माझी आई बहात्तरला खडी फोडायची आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या भावाच्या पाटीवर अक्षरं गिरवायची. तिला जमलं. आपल्या घरातला माणूस अंगठा उठवतो, मला बघवत नाही काका.”

लिंबाजीनं मान खाली घातली. त्याला ते लागलं होतं.

“बस की लेका,” सर म्हणाले. “माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. निघंल कसंतरी.”

“हाव, सर,” लिंबाजी एवढंच म्हणाला.

रोज चार वाजता शिकवणी सुरू झाली. लिंबाजीचा ‘क’ बसायचा नाही. ‘ळ’ बघून तो म्हणे, “ही तर जिलबी हाय, ताई.” पंचशीला हसे, रागावे, पुन्हा हात धरून गिरवून घेई. महिनाअखेर त्याला कसंबसं स्वतःचं नाव लिहिता आलं, तेही ‘लि’वरचं टिंब विसरून. पण एकेक अक्षर जोडून तो थोडं वाचू लागला होता. पंचशीलाला आशा वाटली.

परीक्षेत लिंबाजीनं पत्र हातात घेतलं ते उलटं. ऑफिसातली माणसं पोट धरून हसली. टेबल-खुर्ची बागेत काम करणाऱ्या मलप्पा शिपायालासुद्धा मिळाली.

पंचशीला जिन्यात बसून रडली. लिंबाजीनंच तिला तांब्याभर पाणी आणून दिलं.

“रडू नका ताई. तुमची काय बी चूक न्हाई. मीच दगड हाय.”

उन्हाळा संपता संपता प्रबंध पुरा झाला. शेवटची पानं सरांकडं देऊन ती निघाली. स्टँडवर आल्यावर लक्षात आलं, एस.टी.चा पास वरच्या टेबलावरच राहिला. ती परत आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि संशोधन विभागाचं दार लोटलेलं होतं.

आत कुणीतरी वाचत होतं. संथ, स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. कुणी प्राध्यापक आले असतील असं समजून तिनं दार हळूच ढकललं.

सर मान मागं टाकून बसले होते. त्यांचा हात टेबलावर काहीतरी चाचपत होता. समोर बसलेल्या लिंबाजीनं पानावरची नजर न काढता पाण्याचा पेला त्या हाताखाली सरकवला. त्याच्या दुसऱ्या हातात पेन्सिल होती.

“मजुरांचा आकडा चुकलाय,” सर म्हणाले.

“लिहितो, सर.” त्यानं समासात बारीक, ठाशीव अक्षरात लिहिलं आणि पान उलटलं. “आता ऋणनिर्देश हाय.”

“वाच.”

“‘लिंबाजीकाकांना मी अक्षर शिकवू शकले नाही, याची खंत मला जन्मभर राहील.’”

“बघ, पोरीला किती छळलंस. माझ्याकडं गिरवलंस तेव्हा पंधरा दिवसांत बाराखडी संपवली होतीस.” सर हसले. “पुढं?”

लिंबाजीनं पान जरा जवळ घेतलं.

“‘आणि पंचाक्षरी सरांच्या नजरेतून माझी एकही चूक सुटली नाही.’”