वापरात आहे

कोळवणला आमच्या बांधाला लागून मनीषचं फार्महाऊस आहे. रविवारी त्याच्या सासरची मंडळी तिथं जेवायला यायची होती, म्हणून सुलक्षणानं नवऱ्याला आधीच बजावलं, "आज ऑफिसला गेलास, तर झोपायलाही तिकडंच राहा."

मनीष कशाला जातोय? महाळुंग्याच्या ऑफिसातलं मशीन त्यानं इंटरनेटवरून इथं मांडीवरच्या लॅपटॉपवर उघडलं. काम एवढंसंच होतं. त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा, म्हणजे त्याच्या बाहेरच्या जगाशी बोलायच्या एकुलत्या रस्त्याचा, जुना ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढून नवा घालायचा. पण जुना चिवट भाडेकरूसारखा हलेना. काढायला गेलं की एकच उत्तर, 'वापरात आहे.'

"रविवारचं कोण बसलंय याच्यावर?" मनीषनं टीममधल्या एकेकाला फोनवर असं झापलं, की माझ्या म्हशीनं रवंथ थांबवलं.

"सर, मी लग्नात आहे," धम्मपाल म्हणाला.

"सर, मी तर लॅपटॉप उघडलाच नाही," ऋतिका म्हणाली.

मोठ्या पगाराच्या माणसानं असल्यांचं ऐकायचं नसतं. त्यानं जबरदस्तीनं काढायची कमांड दिली. ड्रायव्हर मुकाट सुटला, आणि त्याच क्षणी ऑफिसचं मशीन मनीषच्या लॅपटॉपवरून गायब झालं. पुन्हा काही केल्या उघडेना.

तेवढ्यात सासऱ्यांची गाडी फाटकात शिरली. सुलक्षणानं आतून विचारलं, "सापडला का रे तो, मशीन वापरणारा?"

"सापडला," गाडीची किल्ली शोधत मनीष म्हणाला.



"त्यालाच घेऊन ऑफिसला निघालोय."